उशिरा आलेल्या फिर्यादी : एक प्रस्तावना

लहानपणी कॅथलिक धर्मगुरूकडून ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला, त्यांना मोठेपणी न्याय मागण्यासाठी जी मदत लागते, तिचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत आकाराला आले आहे. त्यात वकिली आहे, विधिमंडळातल्या लढाया आहेत, जुन्या कागदांचा शोध आहे, विम्याचे आणि दिवाळखोरीचे रुक्ष कायदे आहेत. आणि या सगळ्याच्या मुळाशी अर्धे आयुष्य गप्प राहिलेला एक माणूस आहे. मराठी वाचकाला हा विषय भेटतो तो बहुधा बातमीतून. बातमी वाचून संताप येतो, क्वचित दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवल्याचे समाधानही मिळते, आणि पान उलटले जाते. वाचकांनी या वेळी थोडे थांबावे, एवढ्यासाठी हे लेखन.

तुम्ही कॅथलिक असाल, वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वाढला असाल, तर हा विषय तुम्हाला दुखावेल. त्याबद्दल आधीच सांगून ठेवलेले बरे. तुम्ही कॅथलिक नसाल, तरी तुमच्या घरातले कोणी ना कोणी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेले असण्याचा संभव मोठा. आणि तेही नसेल, तरी मठ, आश्रमशाळा, मदरसा, क्रीडा प्रशिक्षण केंद्र, संगीताचा वर्ग अशा ज्या ज्या ठिकाणी मूल आणि आदरणीय मोठा माणूस एकत्र येतात, त्या प्रत्येक ठिकाणी लागू पडणारे कायद्याचे प्रश्न प्रथम या खटल्यांत नीट विचारले गेले. न्यू जर्सीने 2019 मध्ये केलेला कायदा चर्चपुरता नाही. तिथल्या एडिसनमध्ये वाढलेल्या मराठी मुलाला तो आपल्या प्रशिक्षकाविरुद्धही वापरता येतो. कॅथलिक चर्चचे उदाहरण पुढे आले, त्याचे एक कारण असे की तिथे कागद होते. त्याकडे पुढे येऊच.

सुरुवात कुठून मानावी याबद्दल अभ्यासकांत थोडे मतभेद आहेत. बॉस्टनमधल्या धर्मगुरूंचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, कारण ते उघड करणाऱ्या पत्रकारांवर चित्रपट निघाला. मी मात्र नवागताला आधी लुइझियाना राज्यातल्या लाफायेटला नेतो. फ्रेंच वळणाच्या कॅथलिक कुटुंबांचा हा सखल, भातशेतीचा मुलूख. गिल्बर्ट गोथे या धर्मगुरूने तिथल्या अनेक मुलांवर अत्याचार केल्याचे 1983 मध्ये उघड झाले. धर्मप्रांताने, म्हणजे तिथल्या बिशपाच्या अखत्यारीतल्या संस्थेने, कुटुंबांशी गुप्तपणे तडजोडी केल्या. पैसे द्यायचे, कागदावर सही घ्यायची आणि विषय मिटवायचा, अशी ती पद्धत होती. एका कुटुंबाने सही करायला नकार दिला. त्यांना उघड न्यायालय हवे होते, आणि 1986 मध्ये ज्यूरीने त्यांना साडेबारा लाख डॉलर दिले. या रकमेपेक्षा त्या नकाराला महत्त्व आहे. तो नसता, तर आज अभ्यासायला निकालपत्रेच नसती.

लाफायेटची दुसरी देणगी अधिक विलक्षण आहे. गोथेचा बचाव करणारा वकील रे मूटॉन, वॉशिंग्टनमधल्या पोपच्या वकिलातीत काम करणारे डोमिनिकन धर्मगुरू आणि धर्मविधितज्ज्ञ (चर्चच्या अंतर्गत कायद्याचे जाणकार) टॉमस डॉइल, आणि मनोविकारतज्ज्ञ असलेले धर्मगुरू मायकेल पीटरसन या तिघांनी 1985 मध्ये अमेरिकेतल्या बिशपांसाठी एक अहवाल लिहिला. हे प्रकरण एकट्याचे नाही, लपवाछपवी चालू राहिली तर दहा वर्षांत शंभर कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा इशारा त्यात होता. बिशपांच्या परिषदेने तो अहवाल धोरण म्हणून स्वीकारला नाही. डॉइल यांनी पुढे आपली चर्चमधली कारकीर्द पणाला लावून अनेक पीडितांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून साक्षी दिल्या. या क्षेत्राला धर्मद्वेष्ट्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्याचा पहिला दस्तऐवज तिघा कॅथलिकांनी लिहिला, आणि त्यांतले दोघे धर्मगुरू होते.

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. नवा वाचक इथे गुन्ह्याचे वर्णन शोधत येतो आणि त्याला भेटते दिनदर्शिका. दाव्याला मुदत असते. किती वर्षांच्या आत न्यायालयात यायचे, हे कायदा ठरवून देतो, आणि त्यामागे वाईट हेतू नाही. साक्षीदार मरतात, स्मरण अंधुक होते, आरोप झालेल्या माणसालाही तीस वर्षांनंतर आपण त्या दिवशी कुठे होतो हे सिद्ध करता येत नाही. मुदतीचे हे समर्थन वाचकांनी मनापासून समजून घ्यावे; ते झटकून टाकणारा अभ्यासक पुढच्या वादात कच्चा राहतो. अडचण अशी आहे की बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचे स्वरूपच या गृहीतकाला छेद देते. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने हजारो पीडितांच्या खासगी भेटी घेतल्या, तेव्हा अत्याचाराबद्दल कोणाला तरी प्रथम सांगायला त्यांना सरासरी जवळपास 24 वर्षे लागल्याचे दिसले. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत दाव्याची मुदत मूल सज्ञान झाल्यावर दोन-तीन वर्षांतच संपत असे. म्हणजे तोंड उघडण्याचे बळ येईपर्यंत कायद्याचे दार बंद होऊन कित्येक वर्षे उलटलेली असत. धर्मगुरूच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. ज्याच्याजवळ पापनिवेदन करायचे, तोच अपराधी. आणि आई-वडील ज्याला सणाला जेवायला बोलावतात, तोही तोच.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी अमेरिकी विधिमंडळांनी जी युक्ती शोधली, तिला तिथले वकील ‘विंडो’ म्हणतात. ठराविक काळापुरती मुदतीची अट उठवायची. त्या काळात कितीही जुना दिवाणी दावा दाखल करता येईल. कॅलिफोर्नियाने 2003 हे एक वर्ष असे मोकळे केले. लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांताने 2007 मध्ये 508 जणांशी 66 कोटी डॉलरची तडजोड केली, ती मुख्यतः या एका वर्षाची निष्पत्ती. डेलावेअरने 2007 मध्ये दोन वर्षांची खिडकी दिली. न्यूयॉर्कमध्ये हाच प्रस्ताव वर्षानुवर्षे सेनेटमध्ये अडून राहिला आणि 14 फेब्रुवारी 2019 रोजी कायदा झाला. त्याची खिडकी त्या ऑगस्टमध्ये उघडली. कोविडमुळे वाढ मिळून ती ऑगस्ट 2021 मध्ये बंद झाली, आणि तोवर दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले होते.

इथे एक भेद पक्का करून ठेवा, कारण वर्तमानपत्रे तो हमखास गाळतात. मुदत उलटलेला दिवाणी दावा पुन्हा जिवंत करता येतो. मुदत उलटलेला फौजदारी खटला, निदान अमेरिकेत, करता येत नाही. 2003 च्या स्टॉग्नर विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तसे ठरवले. तो आरोपी धर्मगुरू नव्हता, पण निकालाची झळ कितीतरी धर्मगुरूंच्या खटल्यांना लागली आणि ते बंद पडले. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्यूरीने ऑगस्ट 2018 मध्ये सहा धर्मप्रांतांतल्या तीनशेहून अधिक धर्मगुरूंची नावे आणि हजारावर मुलांच्या कहाण्या प्रसिद्ध केल्या, तरी त्यातून फौजदारी आरोप ठेवता आले ते फक्त दोघांवर. ‘मग तुरुंगात का नाही टाकत?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दिवाणी दावा हा पीडितांचा आवडीचा पर्याय होता असे नव्हे. बहुतेकांसाठी तेवढाच उरला होता.

पेनसिल्व्हेनियाचीच आणखी एक हकीकत सांगतो. या राज्यात खिडकी उघडायची तर घटनादुरुस्ती करण्याचे ठरले. दुरुस्ती दोन वेगवेगळ्या विधिमंडळांनी संमत करायची, मधल्या काळात सरकारने तिची जाहिरात वर्तमानपत्रांत द्यायची, मग सार्वमत. पहिला टप्पा पार पडला. मग 2021 च्या फेब्रुवारीत उघड झाले की राज्याच्या संबंधित खात्याने ती जाहिरात दिलीच नव्हती. खात्याच्या प्रमुख कॅथी बूकव्हार यांनी राजीनामा दिला, आणि ती सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू करावी लागली. आपल्याकडे राजपत्रात छापायचे राहून गेलेल्या गोष्टींची ज्यांना सवय आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण ज्यांनी साठी-सत्तरी ओलांडली होती आणि त्या सार्वमताकडे डोळे लावले होते, त्यांच्या दृष्टीने एका कारकुनी चुकीची किंमत काय, याचा विचार करून पाहा.

दिनदर्शिकेनंतर कागद. चर्चच्या धर्मविधीनुसार प्रत्येक बिशपाने एक गुप्त दप्तर ठेवायचे असते. त्याची किल्ली फक्त त्याच्याकडे. नीतिविषयक गुन्ह्यांच्या प्रकरणांतला अपराधी मरण पावला, किंवा शिक्षा होऊन दहा वर्षे झाली, की ती कागदपत्रे नष्ट करायची. मात्र घटनेचा थोडक्यात गोषवारा आणि निकालाचा मजकूर जपून ठेवायचा, असाही नियम आहे. हा नियम ठाऊक नसलेला वकील ‘तुमच्याकडची कागदपत्रे द्या’ असा मोघम अर्ज करी आणि मोघम उत्तर घेऊन परत जाई. ज्यांनी डॉइल यांच्यासारख्यांकडून धर्मविधी शिकून घेतला, ते दप्तराचे नाव घेऊन, कलमाचा आकडा देऊन कागद मागू लागले. अमेरिकी दिवाणी प्रक्रियेत सुनावणीपूर्वी प्रतिपक्षाकडून दस्तऐवज मिळवण्याचे आणि शपथेवर जबानी घेण्याचे अधिकार फार व्यापक आहेत. एरवी तो वकिलांचा कंटाळवाणा व्याप मानला जातो. या क्षेत्रात तोच कणा ठरला.

बॉस्टनचे महत्त्व याच संदर्भात समजते. मिचेल गाराबेडियन यांच्यासारखे वकील जॉन गेगन या धर्मगुरूच्या बळींसाठी कित्येक वर्षे दावे लढत होते, पण त्यांतली कागदपत्रे मोहोरबंद होती. ‘बॉस्टन ग्लोब’ने ती खुली करण्याची मागणी केली; न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी नोव्हेंबर 2001 मध्ये ती मान्य केली. 6 जानेवारी 2002 रोजी पहिली बातमी आली, आणि 13 डिसेंबरला कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी पद सोडले. चित्रपटाने पत्रकारांना नायक केले, आणि ते योग्यच. मात्र वाचकांनी त्यांच्या मागे उभा असलेला न्यायालयाचा तो आदेश विसरू नये. त्या फायलींत धर्मगुरूची एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात झालेली बदली असे, ‘आजारपणाची रजा’ असे, सौम्य भाषेतली पत्रे असत. त्यांची भाषा वाचायला शिकणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. पेनसिल्व्हेनियाच्या अहवालाने तर ही पद्धतच उलगडून दाखवली: बलात्काराला बलात्कार म्हणायचे नाही, ‘अनुचित संपर्क’ म्हणायचे, बदलीचे कारण धर्मग्रामाला कळवायचे नाही, पोलिसांना सांगायचे नाही. दाव्यात सिद्ध करायचे असते ते हेच. अत्याचार एकाने केला. पण कोणाला, केव्हा, काय ठाऊक होते?

तिसरा प्रश्न ऐकायला सोपा आहे. दावा कोणावर लावायचा? धर्मगुरूने बहुधा दारिद्र्याचे नाही तरी साधेपणाचे जीवन पत्करलेले असते. त्याच्या नावावर काही सापडत नाही, आणि अनेकदा तो हयातही नसतो. मग संस्था. पण ‘चर्च’ नावाची व्यक्ती कायद्याच्या डोळ्यांना दिसते का? सिडनीतले जॉन एलिस हे लहानपणी वेदीसेवक होते, पुढे स्वतः वकील झाले आणि त्यांनी आपल्या महाधर्मप्रांतावर दावा लावला. न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने 2007 मध्ये ठरवले की कॅथलिक चर्च ही दावा लावण्याजोगी कायदेशीर व्यक्ती नाही. मालमत्ता विश्वस्त मंडळाच्या नावावर आहे खरी, पण धर्मगुरूंच्या नेमणुका ते मंडळ करत नाही, म्हणून तेही जबाबदार नाही. मालमत्ता एकीकडे, अधिकार दुसरीकडे, आणि फिर्यादी मधल्या मोकळ्या जागेत. ‘एलिसचा बचाव’ या नावाने हे तत्त्व तिथे दहा वर्षे पीडितांच्या तडजोडींवर सावट धरून राहिले. शेवटी कार्डिनल जॉर्ज पेल यांनीच 2014 मध्ये शाही आयोगासमोर सांगितले की चर्चवर दावा लावता आला पाहिजे, आणि राज्यांनी कायदे बदलले. एलिस पुढे इतर पीडितांची वकिली करू लागले.

मालकाची नोकराबद्दलची जबाबदारी हा या प्रश्नाचा दुसरा पदर. धर्मगुरू हा बिशपाचा नोकर आहे का? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये शिक्षक-धर्मबंधूंच्या एका संघाच्या प्रकरणात म्हटले की नोकरी नसली तरी नाते नोकरीसारखेच आहे, तेव्हा जबाबदारी येते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बर्ड विरुद्ध डीपी या खटल्यात बरोबर उलटे ठरवले: धर्मगुरू नोकर नाही, आणि ‘नोकरीसारखे’ म्हणून ही जबाबदारी ताणता येणार नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. माझा कल ब्रिटिश निकालाकडे आहे, कारण धर्मगुरूची नेमणूक, बदली, निवास आणि शिस्त एकाच हातात असताना केवळ वेतनपत्रक नाही म्हणून नाते नाकारणे मला कृत्रिम वाटते. पण ऑस्ट्रेलियन न्यायाधीशांची भीतीही पोकळ नाही. ‘नोकरीसारखे’ कुठे थांबते, हे कोणाला नेमके सांगता आलेले नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तर अडसर निराळाच होता: धर्मादाय संस्थेची जबाबदारी कायद्याने वीस हजार डॉलरवर अडवलेली. म्हणून तिथल्या वकिलांनी संस्थेऐवजी देखरेख करणाऱ्या बिशपांना व्यक्तिशः प्रतिवादी केले. बॉस्टनच्या महाधर्मप्रांताने 2003 मध्ये 552 जणांना साडेआठ कोटी डॉलर देऊ केले, ते ही मर्यादा कायम असताना.

दिवाळखोरीचे प्रकरण नवागताला सर्वांत परके वाटते, त्यावर थोडक्यात. 2004 मध्ये पोर्टलंडच्या महाधर्मप्रांताने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तेव्हापासून कित्येक धर्मप्रांत त्या वाटेने गेले. अर्ज होताच सगळे दावे जागच्या जागी थांबतात, पीडित हे धनको ठरतात, हक्क नोंदवायची शेवटची तारीख पडते आणि साक्षी, जबान्या, कागद हे सगळे मागे पडते. पीडितांना रक्कम मिळते, ती बहुधा विमा कंपन्यांशी वर्षानुवर्षे घासाघीस झाल्यावर. मेरीलँडचा मुदत उठवणारा कायदा 1 ऑक्टोबर 2023 रोजी लागू व्हायचा होता. बाल्टिमोरच्या महाधर्मप्रांताने 29 सप्टेंबरला अर्ज केला. दोन दिवस आधी. पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या दिवाळखोरीबद्दल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये दिलेल्या निकालाने या खेळाचे नियम काहीसे बदलले आहेत, कारण स्वतः दिवाळखोर नसलेल्या संस्थांना आता धनकोंच्या संमतीशिवाय दाव्यांतून मुक्ती मिळवता येत नाही, आणि धर्मग्रामे नेमकी तशीच मुक्ती मागत असतात.

एवढे वाचून असे वाटू शकते की ही सगळी पैशांची गोष्ट आहे. या क्षेत्रात काम करणारा चांगला वकील पहिल्या भेटीत रकमेबद्दल बोलत नाही. तो विचारतो, तुम्हाला काय हवे आहे? उत्तरे वेगवेगळी येतात. कोणाला त्या माणसाचे नाव जाहीर व्हायला हवे असते, कोणाला फाईल पाहायची असते, कोणाला बिशपांनी समोर बसून ऐकून घ्यायला हवे असते, कोणाला शाळेच्या इमारतीवरचे नाव काढलेले हवे असते. कोणाला मानसोपचाराचा खर्च भागवायचा असतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. म्हणूनच तडजोडींमध्ये कागदपत्रे खुली करण्याच्या, आरोपितांची यादी प्रसिद्ध करण्याच्या अटी येऊ लागल्या. स्वतःचे नाव उघड न करता ‘जॉन डो’ किंवा ‘जेन डो’ म्हणून दावा लावण्याची सोय आहे. गुप्ततेची सक्ती मात्र अमेरिकी बिशपांनी 2002 च्या डॅलस सनदेत सोडून दिली. आता ती पीडिताने स्वतः मागितली तरच. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये राष्ट्रीय भरपाई योजना सुरू केली: न्यायालयात न जाता, पुराव्याच्या हलक्या कसोटीवर, कमाल दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, सोबत समुपदेशन आणि संस्थेकडून थेट दिलगिरी. ही भरपाई स्वीकारली की त्या संस्थेवरचा दावा सोडावा लागतो. घ्यावे की लढावे, हा सल्ला देणे या वकिलीतले सर्वांत अवघड काम आहे, आणि त्यासाठी नोमोअर ही मोफत कायदेसेवा तिथे चालते.

आता भारताकडे. अमेरिकेचा आराखडा उचलून इथे ठेवता येत नाही, आणि वाचकांनी तो मोह टाळावा. तिथे वकील निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून घेतो, त्यामुळे खिशात पैसा नसलेला पीडितही मोठ्या संस्थेवर दावा लावू शकतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी अशा फीला मज्जाव आहे. ज्यूरी नाही, कागद काढून घेण्याची तशी रीत नाही. उलट फौजदारी बाजू मात्र इथे अधिक बळकट आहे. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याने धर्मसंस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने त्या संस्थेत केलेला अत्याचार अधिक गंभीर ठरवला आहे, आणि गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा केला आहे. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्याकडे मुदतीची अट नाही. म्हणजे अमेरिकेत पीडितांसमोर जी भिंत होती, ती गंभीर गुन्ह्यांपुरती इथे नाही. 2012 पूर्वीच्या घटनांना पॉक्सो लागत नाही. त्या वेळची भारतीय दंडसंहिता लागते, आणि मुलग्यांच्या बाबतीत तिचे कलम 377 हाच मुख्य आधार. नव्या न्यायसंहितेत ते कलम नाही, पण जुनी घटना जुन्याच कायद्याने तपासली जाते.

दोन खटले अभ्यासासाठी हाताशी ठेवावेत. 2015 मधल्या एका प्रकरणात मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये एका धर्मगुरूला जन्मठेप दिली. केरळात थलशेरीच्या न्यायालयाने 2019 मध्ये एका धर्मगुरूला वीस वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती पुढे दहा वर्षांवर आणली. या दुसऱ्या खटल्यात मुलीच्या घरचेच साक्षीत फिरले, आणि सरकार पक्ष तरला तो जन्मतारखेच्या दाखल्यावर आणि डीएनए तपासणीवर. साक्षीदार फितूर होणे म्हणजे खोटेपणा, असा सोपा अर्थ इथे लावू नका. गाव तेच, धर्मग्राम तेच, मिस्सेला जाण्याची वाट तीच असते.

मदत कोठून मिळते, याची माहिती मराठी माणसाला असायला हवी त्यापेक्षा फारच कमी असते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि 15100 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मुलांसाठी 1098. पॉक्सो खटल्यात सरकारी वकिलाच्या जोडीला कुटुंबाला आपला वकील देता येतो. विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकते, आणि महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. चाळिशीतल्या पुरुषाने तीस वर्षांपूर्वीची घटना सांगायला यावे, तर मात्र ही सगळी व्यवस्था गोंधळते, कारण ती आजच्या मुलासाठी रचलेली आहे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण वकिलांनी काम करण्याची जागा हीच.

शेवटी वाचनाबद्दल. पेनसिल्व्हेनियाच्या अहवालापासून सुरुवात करू नका. तो सलग वाचवत नाही, आणि वाचला तर पुढचे काही वाचावेसे वाटत नाही. आधी ऑस्ट्रेलियन शाही आयोगाच्या 2017 च्या अंतिम अहवालाचे प्रास्ताविक वाचा. 17 खंड आहेत, पण पहिला खंड पुरेसा आहे. मग कायद्यासाठी मार्सी हॅमिल्टन यांचे मुदतीविरुद्धचे लेखन, आणि चर्चची बाजू आतून समजण्यासाठी डॉइल, सायप आणि वॉल यांचे 2006 चे पुस्तक. एलिस आणि बर्ड ही निकालपत्रे त्यानंतर. शेवटी आपला 1963 चा मुदत कायदा उघडा आणि सहा ते आठ ही कलमे वाचा. अज्ञानपणी झालेल्या नुकसानीबद्दल दिवाणी दावा लावायला सज्ञान झाल्यावर फार तर तीन वर्षे मिळतात, म्हणजे एकविसाव्या वर्षी दार बंद. फौजदारीत नसलेली भिंत आपल्याकडे दिवाणीत अशी उभी आहे. या तीन कलमांत न्यूयॉर्कसारखी खिडकी बसवायची तर शब्द कोणते लागतील, आरोपिताच्या बचावाची हमी कशी द्यावी लागेल आणि संस्थेची व्याख्या कुठवर न्यावी लागेल, याचा मसुदा करून पाहण्याचा सराव मी विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सुचवतो. एलिसचा निकाल आधी वाचलेला असला, तर व्याख्येच्या कलमाला सर्वाधिक वेळ का लागतो हे त्यांना सांगावे लागत नाही.